आधी घोट, मग नोट

आपल्याकडे फ्रेंच वाइन पीत नाहीत, ठेवतात.

महाड-पोलादपूरच्या गावागावांत हे दिसतं. कुणाचा मुलगा बोटीवर, कुणाचा पुतण्या आखातात, कुणाचा जावई मुंबईच्या मोठ्या हॉटेलात. परदेशातून येताना माणशी दोन लिटर मद्य शुल्क न भरता आणता येतं, त्यात एक बाटली घरी येते. लेबलावर एखाद्या वाड्याचं चित्र, खाली जिभेला न वळणारं नाव आणि एक साल. ती टीव्हीशेजारच्या शोकेसमध्ये जाते. "काका, इतक्यात फोडू नका. जुनी झाली की भाव वाढतो हिचा." काका मान डोलावतात. पुतण्याचं लग्न होतं, त्याला मुलं होतात, बाटली तिथेच.

काका, आज रात्री फोडा.

वाइनला बारा ते चौदा अंशांचा गारवा लागतो, आणि तो बारा महिने एकसारखा लागतो. आपण राहतो कुठे? याच रायगड जिल्ह्यात भिरा इथे मार्च २०१७ मध्ये पारा ४६.५ अंशांवर गेला होता. मार्चमध्ये! मेची गोष्टच नको. महाडही त्या तापातून सुटत नाही. दरीत बसलेलं गाव, वाऱ्याला वाट नाही, दुपारी वीज जाते, स्लॅब रात्रभर उष्णता सोडत राहतो. अशा घरात बाटलीतली वाइन जुनी होत नाही, ती शिजते. रंग तांबूस-तपकिरी होतो, फळाचा वास जातो आणि उकडलेल्या मनुकांचा येतो. आतलं द्रव फुगून बूच वर सरकवतं, कडेने चिकट ओघळ येतो. पावसाळ्याची दमट हवा बुचाला त्रास देत नाही, फक्त लेबलावर बुरशी धरते. खरा शत्रू ऊन आहे, आणि शोकेसची काच त्याला अडवत नाही.

मुळात जुनं म्हणजे भारी हा नियमच बहुतेक बाटल्यांना लागू नाही. फ्रान्समधली बहुतांश वाइन दोन-चार वर्षांत प्यायला म्हणूनच केलेली असते. बोज्यले नूव्हो तर काही महिन्यांतच संपवायची. गामे जातीची द्राक्षं सप्टेंबरच्या आसपास तोडतात, घड न चिरडता अख्खे टाकीत भरतात, झटपट आंबवतात, आणि नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी ती वाइन जगभर एकदम विकायला निघते. तिचा सगळा आनंद त्या ताजेपणात आहे. ती कपाटात ठेवली तर तेवढाच आनंद फेकून दिला.

दहा-वीस-तीस वर्षं टिकणारी वाइन करणारी घरं थोडी आहेत, आणि त्यांची वाइनसुद्धा लोक कशी विकत घेतात हे एकदा नीट पाहायला हवं. फ्रान्समधल्या बोर्दो प्रांताची रीत अशी. सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षं तोडली. पुढच्या एप्रिलला वाइन अजून लाकडी पिंपात आहे, तिचं अंतिम मिश्रणही पुष्कळदा ठरलेलं नाही. तेव्हा जगभरचे व्यापारी आणि समीक्षक तिथे गोळा होतात, पिंपातले नमुने चाखतात, थुंकतात, गुण देतात. दिवसाला कित्येक डझन नमुने. मे-जूनमध्ये शॅटो, म्हणजे वाइन करणारी घरं, भाव जाहीर करतात. वाइन घाऊक व्यापाऱ्याकडे, तिथून किरकोळ दुकानदाराकडे आणि तिथून गिऱ्हाइकाकडे फक्त कागदावर सरकते. गिऱ्हाईक पैसे आत्ता मोजतं, बाटली त्याला आणखी वर्ष-दीड वर्षाने मिळते. या पद्धतीला फ्रेंचमध्ये 'आँ प्रिमर' म्हणतात.

कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मोहोरावर आंब्याची बाग घेणारा व्यापारी नेमकं हेच करतो. झाडावर फळ नाही, फक्त मोहोर आहे, आणि पैसे हातात पडले. पुढे तुडतुडे, थ्रिप्स, फेब्रुवारीतला अवकाळी पाऊस, सगळं त्याच्या माथी. बागायतदाराला रोकड मिळाली, झोप लागली. पण बाग घेणारा आधी बागेत उतरतो. कलम न् कलम बघतो, मोहोराला हात लावतो, गेल्या साली कोणत्या झाडाने किती दिलं ते विचारतो. मुंबईत बसून बोर्दोची नवी वाइन आगाऊ घेणारा श्रीमंत माणूस काय बघतो? कुणीतरी शंभरापैकी दिलेला एक आकडा. ती वाइन त्याच्या जिभेवर आलेलीच नसते.

त्या आकड्याने लोकांचं भलंही केलं, बुरंही केलं. १९८२ च्या बोर्दोची रॉबर्ट पार्कर या अमेरिकन समीक्षकाने मनापासून स्तुती केली. ज्यांनी त्याचं ऐकून तेव्हाच घेतली त्यांना पुढे मोठा फायदा झाला. तेव्हापासून सगळ्यांनाच वाटायला लागलं की नवी वाइन म्हणजे ठेव आहे. मग २००९ आणि २०१० ची सालं आली, भाव गगनाला भिडले. २०१० ची नामांकित घरांची वाइन चढ्या भावाने घेतलेल्या अनेकांना पुढची कित्येक वर्षं ती त्या भावाला विकता आली नाही. शॅटो लातूरने तर २०१२ साली या आगाऊ विक्रीतून अंगच काढून घेतलं. आमची वाइन पिण्याजोगी झाली असं आम्हाला वाटेल तेव्हाच ती बाजारात येईल, असं ते घर आता म्हणतं. मला हा निर्णय फार आवडतो. त्यामुळे लातूरची 'नवी' म्हणून निघालेली बाटली आत वर्षानुवर्षं मुरलेली असते, आणि मुरवण्याचा धोका गिऱ्हाइकाऐवजी मालकाने घेतलेला असतो. जो माल करतो त्यानेच तो सांभाळावा, हे मला रास्त वाटतं.

बाकीच्यांना हे शहाणपण बाजाराने शिकवलं. २०२४ च्या पिकाची वाइन २०२५ च्या वसंतात विक्रीला काढताना अनेक मोठ्या शॅटोंना भाव बरेच उतरवावे लागले. त्याआधी २०२३ मध्ये बोर्दोत सुमारे साडेनऊ हजार हेक्टर द्राक्षवेली उपटून टाकण्यासाठी ५ कोटी ७० लाख युरोंची योजना जाहीर झाली. वाइन जास्त, पिणारे कमी. फ्रान्समध्येच लोक पूर्वीपेक्षा कितीतरी कमी पितात. म्हणजे ज्या बाटलीकडे आपण शोकेसमध्ये अदबीने बघतो, तिच्याच गावात शेतकरी वेली उपटतो आहे. नाशिकच्या किंवा सांगलीच्या बागायतदाराला त्या उपटलेल्या वेलीचं दुःख सांगावं लागणार नाही.

आता नावांबद्दल. बोर्दोच्या नामांकित घरांची प्रसिद्ध वर्गवारी १८५५ ची. तिसऱ्या नेपोलियनने पॅरिसला मोठं प्रदर्शन भरवलं, त्यासाठी बोर्दोच्या दलालांनी यादी केली: पहिला वर्ग, दुसरा वर्ग, असे पाच वर्ग. कसोटी एकच, तोवर कोणत्या घराच्या वाइनला बाजारात काय भाव मिळत आला. दीडशेहून अधिक वर्षं झाली, त्या यादीच्या वरच्या पायरीवर एकच मोठा बदल झाला. १९७३ साली मूतों रॉथशिल्ड दुसऱ्या वर्गातून पहिल्यात गेलं. मधल्या काळात जमिनी विकल्या गेल्या, मालक बदलले, मातीचे तुकडे इकडचे तिकडे झाले. यादी हलली नाही. ज्या वर्गवारीवर लाखो रुपये टाकले जातात ती भावावरून ठरलेली आहे, आणि पुढचा भाव त्या वर्गवारीवरून ठरतो. हे चक्र जिभेने तोडायचं असतं.

जिभेने ते तोडून दाखवलेलंही आहे. २४ मे १९७६ ला पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज व्यापाऱ्याने फ्रेंच परीक्षकांपुढे बाटल्यांची नावं झाकून फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाची वाइन ठेवली. पांढऱ्यांत शॅटो माँतेलेना पहिली आली, तांबड्यांत स्टॅग्ज लीप. दोन्ही कॅलिफोर्नियाच्या, दोन्ही १९७३ च्या. परीक्षकही ऐरेगैरे नव्हते, फ्रान्सच्या वाइन आणि खानावळींच्या जगातली बडी मंडळी होती. नाव झाकलं आणि निकाल फिरला.

दुसरा पुरावा आणखी बोचरा आहे. बोर्दोमध्येच संशोधकांनी वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ जणांना पांढरी वाइन दिली आणि तीच वाइन वास-चव नसलेल्या रंगाने तांबडी करूनही दिली. तांबड्या दिसणाऱ्या पेल्याचं वर्णन त्यांनी तांबड्या वाइनच्या शब्दांत केलं. २००१ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. यावरून कुणी म्हणतं, वाइनची चव म्हणजे थोतांड. मला ते पटत नाही. डोळ्यांनी नाकाला फसवलं, एवढंच त्यातून सिद्ध होतं. म्हणून डोळे बांधा, नाक उघडं ठेवा.

ज्यांनी नाव बघून नोटा मोजल्या त्यांची अवस्था अमेरिकेत कोर्टाच्या दारी कळली. रूडी कुर्नियावान नावाचा गृहस्थ घरच्या घरी वाइन मिसळून तिला बर्गंडी या फ्रेंच प्रांतातल्या जुन्या वाइनची लेबलं लावायचा आणि लिलावात विकायचा. २००८ मध्ये पोंसो घराच्या नावाने क्लो सँ-दनी या मळ्याच्या बाटल्या लिलावात आल्या, काहींवर १९४५ चं साल. त्या घराचे वारस लोराँ पोंसो यांनी बघितल्या आणि सांगितलं, आमचं घर ही वाइन १९८२ पासून करतं. २०१३ मध्ये रूडी दोषी ठरला, २०१४ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच्याकडून घेणारे अब्जाधीश होते, संग्राहक होते. बाटल्या त्यांच्या तळघरात आरामात पडून होत्या. उंची वाइन उघडायचीच नाही असं ठरवलेल्या माणसाला फसवणं सगळ्यात सोपं.

उंची वाइनचं आकर्षण आपल्या किनाऱ्याला नवं नाही. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहितीपुस्तिका लिहिली, 'पेरिप्लस'. भडोच बंदरात काय खपतं ते तो सांगतो: वाइन, त्यातही इटलीची जास्त पसंत, शिवाय लाओदिकियाची आणि अरबस्तानची. आणि राजासाठी वेगळी, उंची वाइन. त्याच पुस्तिकेत कल्याणच्या दक्षिणेच्या बंदरांच्या ओळीत 'पालेपात्मे' हे नाव येतं. काही अभ्यासक ते आपल्या महाडजवळचं पाल मानतात. गांधारपाल्याची लेणी हायवेवरून जाता-येता दिसतात, तेच पाल. सावित्रीतून तेव्हा गलबतं वर यायची. आपल्याच जिल्ह्यातल्या घारापुरीला परदेशी मद्याच्या मातीच्या सुरयांची खापरं मोठ्या संख्येने सापडली आहेत. सामान्य गिऱ्हाइकाला एक आणि राजाला एक, ही प्रतवारी दोन हजार वर्षांची जुनी आहे.

आज ती प्रतवारी सरकार करतं. परदेशी वाइनवर केंद्राचं आयात शुल्क गेली कित्येक वर्षं १५० टक्के. त्यावर राज्याचं उत्पादन शुल्क, व्हॅट, आयातदाराचा आणि दुकानदाराचा नफा. फ्रान्समध्ये आठशे-हजारात मिळणारी साधी, चांगली बाटली मुंबईच्या दुकानात तिपटी-चौपटीच्या भावात उभी असते. २०२२ च्या करारानंतर ऑस्ट्रेलियाच्या ठरावीक किमतीवरच्या वाइनचं शुल्क १०० आणि ७५ टक्क्यांपर्यंत आलं. युरोपीय संघाशीही हाच मुद्दा वर्षानुवर्षं चर्चेत होता. शुल्क खाली यावं असं मला वाटतं, पण नुसत्या शुल्काने माझी तक्रार मिटत नाही.

माझी तक्रार लेबलबद्दल आहे. प्रत्येक राज्यात प्रत्येक लेबलची नोंदणी करावी लागते आणि तिची फी दरसाल भरावी लागते. हजारो बाटल्या खपणाऱ्या नावाला ती फी जाणवत नाही. साठ पेट्या खपतील अशा छोट्या शेतकऱ्याच्या वाइनला ती परवडत नाही. परिणाम उघड आहे. आयातदार ओळखीचीच मोठी नावं आणतो. ल्वार नदीच्या मुखाशी चार हेक्टरांत काम करणाऱ्या कुटुंबाची म्युस्कादे, जी आपल्या तिसऱ्यांशी झकास जमेल, ती मुंबई बंदरातच उतरत नाही, महाडला कुठून येणार? आपल्याला महाग वाइन मिळते हे एक दुःख. त्याहून मोठं दुःख हे की आपल्याला कंटाळवाणी वाइन महाग मिळते.

आणि ती चाखायची सोय नाही. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वराला जा. सरबत, क्रश, जॅम, मध, जे घ्याल ते दुकानदार आधी चमच्यावर देतो. दीडशे रुपयांच्या बाटलीसाठी चमचाभर चव. चार हजारांची वाइन मात्र दुकानातून सीलबंदच न्यायची. चव आवडली नाही तर चार हजार मोरीत. गिऱ्हाईक मग काय करणार? ऐकलेलं नाव घेणार, सगळ्यात महाग तेच चांगलं समजणार. न चाखता विकायची पद्धत ठेवली की फायदा नावाचाच होतो, मालाचा नाही.

इथे कुणी २७ जानेवारी २०२२ ची आठवण काढेल. मोठ्या सुपरमार्केटांत वाइन ठेवायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, गदारोळ झाला, निर्णय अंमलात आला नाही. तेव्हा समर्थन करणाऱ्यांनी एक वाक्य फार वापरलं, वाइन म्हणजे दारू नव्हे. ते वाक्य खोटं आहे. वाइनमध्ये बारा-चौदा टक्के मद्यार्क असतो आणि यकृत बाटलीवरचं लेबल वाचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलं की मद्याची निर्धोक अशी मात्रा नाही. ज्या बायका मतपत्रिकेवरच्या आडव्या बाटलीवर शिक्का मारून गावातलं दुकान बंद करतात, त्यांना हे आकडे माहीत असण्याची गरज नाही. त्यांनी घरात ते सगळं पाहिलेलं असतं. त्यांच्या मताला माझा सलाम आहे आणि त्यांच्या गावात वाइनचं दुकान नको.

म्हणूनच मला सुपरमार्केटच्या फळीवर वाइन नको आहे. फळीवर ठेवली की ती पुन्हा न चाखता टोपलीत पडणार. मला हवा आहे जिल्ह्याला मोजका परवाना, एखाद्या ठिकाणी, जाणकार माणसाच्या देखरेखीखाली, पैसे घेऊन अर्धा-अर्धा पेला देणारा. तिथे बसून चार प्रकार चाखावेत, थुंकायला भांडं ठेवलेलं असावं, आवडली तर एक बाटली घ्यावी, नाही तर घरी जावं. असा माणूस पितो कमी, जाणतो जास्त. आणि सरकारने लहान लेबलांची फी खपावर लावावी, नावावर नको.

तोवर काय करायचं? चौघांनी पैसे काढायचे, म्हणजे एकाच्या खिशाला झळ लागत नाही. तीन बाटल्या आणायच्या: एक फ्रेंच, एक नाशिकची, एक तिसरी कुठलीही, पण तिन्ही एकाच जातीच्या द्राक्षाच्या. शेनँ ब्लाँ घ्या. हे द्राक्ष मूळचं ल्वार खोऱ्यातलं, व्हूव्हरेची वाइन त्याचीच. आणि नाशिकमध्ये ते इतकं रुजलं की आपल्याकडच्या पांढऱ्या वाइनमध्ये ते जागोजाग भेटतं. बाटल्या रद्दी पेपरात गुंडाळायच्या, वर एक-दोन-तीन लिहायचं. चौघांपैकी दोघे दबक्या आवाजात म्हणतील, आपल्याला यातलं काही कळत नाही. त्यांनाच आधी विचारा. सोलकढीत मीठ कमी आहे हे ज्याला पहिल्या घोटाला कळतं, त्याला वाइनमधला आंबटपणाही कळतो. परवाना घ्यायला विसरू नका. महाराष्ट्रात दारू पिण्याचा आणि बाळगण्याचा परवाना लागतो, १९४९ च्या दारूबंदी कायद्याने.

पेला काचेचा हवा, वर निमुळता होत जाणारा, तिसरा हिस्साच भरलेला. तांबडी वाइन घरातल्या हवेच्या तापमानाला प्यावी असं पुस्तकं सांगतात, ते फ्रान्समधल्या दगडी घरांचं तापमान. महाडच्या माजघरात बत्तीस अंशांची तांबडी वाइन म्हणजे कोमट काढा. तिला फ्रिजमध्ये ठेवा, सोळा-सतरा अंशांना आली की काढा.

जेवणाचंही सांगतो, कारण वाइनचा खरा कस भाकरीबरोबर लागतो. आपल्या जेवणात आमसूल आहे, चिंच आहे, आंबट आधीच भरपूर आहे. वाइन त्याहून कमी आंबट असली की सपक लागते. म्हणून खाडीतल्या तिसऱ्या, खोबरं-कोथिंबीर घातलेल्या, त्यांच्याबरोबर म्युस्कादे किंवा शाब्ली. चिंबोऱ्यांच्या झणझणीत कालवणाबरोबर थोडा गोडवा राखलेली व्हूव्हरे. तिखटावर जास्त मद्यार्काची वाइन आग लावते. सुकट, जवळा, सुके बोंबील ताटात असतील तर तांबडीला हात लावू नका. तांबड्या वाइनमधलं लोह माशाशी जमत नाही, तोंडात धातूसारखी, कुबट चव राहते. जपानी संशोधकांनी २००९ मध्ये हे दाखवून दिलं. वालाच्या बिरड्याला मुळातच किंचित कडसरपणा असतो, त्यात तांबडीचा तुरटपणा मिळाला की दोन्ही बिघडतात. तिथे प्रॉव्हांसची फिकट गुलाबी रोझे चालते. गावठी कोंबडीच्या रश्श्याला बोज्यले, किंचित गार करून. मटणाला ऱ्होन खोऱ्यातली ग्रनाश, जी तोंड आवळत नाही. एवढ्या यादीत पहिल्या वर्गाचा एकही शॅटो आला नाही, आणि तो यायची गरजही नाही.

नाशिकला जाणं जमलं तर आणखी बरं. तिथल्या वायनरीत पेल्याने चाखता येते, तीही जिथे ती केली त्याच जागेवर. आपल्याकडे वेलींची छाटणी वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये आणि पावसाळा सरल्यावर. तोडणी जानेवारी ते मार्च. त्यामुळे नवी पांढरी वाइन फ्रान्सच्या वाइनच्या बरीच आधी तयार असते. फ्रेंचांशी आपलं नातंही जुनं आहे. ऐंशीच्या दशकात श्यामराव चौगुले यांनी नारायणगावला पायपर-हाइडसिक या शांपेनच्या घराकडून तंत्र घेऊन फेसाळ वाइन केली, ती 'ओमर खय्याम' नावाने युरोपात विकली गेली. २००१ च्या धोरणाने राज्यातल्या वाइनला उत्पादन शुल्कात सूट दिली आणि नाशिकचं चित्र पालटलं. २०१३ मध्ये मोएत हेनेसीने 'शाँदों' बाजारात आणली, पुढे ती दिंडोरीत बनू लागली. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवायची शांपेनची पद्धत, पण शांपेन हे नाव लावता येत नाही, कारण ते त्या प्रदेशाचं. 'नाशिक व्हॅली वाइन' हे भौगोलिक मानांकन आपलंही आहे. दिंडोरीची बाटली आणि शांपेनची बाटली शेजारी ठेवून, झाकून, एकदा चाखा. शांपेन उजवी ठरली तर तिचे जास्तीचे पैसे आनंदाने मोजा. निदान कशासाठी मोजले ते ठाऊक असेल.

आणि मुंबईहून फ्रेंच बाटली घ्यायचीच असेल तर दुकानदाराला लेबलाबद्दल विचारू नका. बाटली मागे फिरवा, आयातदाराचं नाव-पत्ता वाचा. विचारा, माल कधी उतरला, गोदामाला एसी आहे का, ही काचेच्या खिडकीत किती दिवस उभी आहे. बूच वर आलेलं दिसलं, गळ्याशी ओघळ दिसला, पातळी खाली गेलेली दिसली तर परत ठेवा, साल कुठलंही असो. घेतलीत तर रात्रीच्या गाडीने आणा. वडखळपासून महाडपर्यंत दुपारच्या उन्हात डिकीत सहा तास घालवलेली बाटली घरी पोचेपर्यंत अर्धी शिजलेली असते. आणि आणलीत की त्याच आठवड्यात चौघांना बोलवा.